दाणा परत डब्यात टाकायचा

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ नावाचा धडा आहे. तो पुस्तकाच्या शेवटाकडे येतो, आणि शेवटाकडचे धडे आमच्या भागात घाईतच उरकतात. होळी जवळ आलेली असते, मुलांचे लक्ष पाड्याकडे लागलेले असते. म्हणून गेली काही वर्षे वसतिगृहात संध्याकाळच्या अभ्यासाला हा धडा मी आधीच घेते. मी विज्ञानाची शिक्षिका नाही. माझी पदविका ईश्वरविज्ञानाची. मुले त्यावरून चिडवतात, “ताई, तुमच्यातपण विज्ञान आहेच की.” तरी हा एक धडा मी कुणावर सोपवत नाही. का, ते पुढे येईलच.

या अंकात तोच धडा वाचकांसाठी लिहिते आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नववी-दहावीची मुले असतील. त्यांनाही वाचायला द्यावा.

सुरुवात मी गोंदणापासून करते. इकडे आजीच्या हातावर गोंदण असते, पणजीच्याही होते, तिच्या आईच्याही. मी मुलींना विचारते, “इतक्या पिढ्या गोंदून घेतले, मग तुमच्यापैकी एखादी तरी गोंदण घेऊनच जन्माला आली का?” मुली हसतात. कान टोचलेले बाळ जन्मत नाही. उन्हात राबून काळवंडलेली पाठ पुढच्या पिढीला मिळत नाही. पण आजीची नाकाची ठेवण मिळते, मामाचे कुरळे केस मिळतात. म्हणजे अंगावर जे घडते ते तिथेच राहते, आणि अंगाच्या आत जे लिहिलेले असते ते पुढे जाते. हे लिखाण पेशीच्या केंद्रकात, गुणसूत्रांवर असते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आलेले, एक वडिलांकडून. गुणसूत्र डीएनएचे बनलेले, आणि डीएनएच्या ज्या तुकड्यावर एखाद्या गुणाची माहिती असते ते जनुक. म्हणून प्रत्येक जनुकाच्याही आपल्याकडे दोन प्रती असतात. या दोन प्रती एकसारख्या असतील किंवा नसतीलही. सगळा धडा या एका वाक्यावर उभा आहे.

पूर्वी लोकांना वाटे की आईबापाचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मुलात मिसळतात. उंच आणि बुटका यांचे मूल मध्यम, गोरा आणि काळा यांचे मूल सावळे. दिसायला कधी कधी तसे दिसतेही. पण मिसळलेले दूध-पाणी पुन्हा वेगळे होत नाही; आजोबांचा एखादा गुण मात्र मुलात दडून नातवात उगवतो, तो कसा?

याचे उत्तर एका मठातल्या बागेत मिळाले. ग्रेगोर मेंडेल, जन्म १८२२, शेतकऱ्याचा मुलगा. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात तो ऑगस्टिनियन पंथाचा मठवासी होता. शिक्षक होण्याची परीक्षा त्याने दोनदा दिली आणि दोन्ही वेळा त्याला यश आले नाही. हे मी मुद्दाम सांगते. आमच्याकडे गणितात गेलेली मुले या वाक्याला मान वर करतात. १८५६ पासून सातआठ वर्षे त्याने वाटाण्याची हजारो रोपे वाढवली, स्वतःच्या हाताने परागकण या फुलाचे त्या फुलाला लावले आणि एकेक बी मोजले. गोल बियांचे वाण आणि सुरकुतलेल्या बियांचे वाण यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळ्या बिया गोल. सुरकुती जणू नाहीशीच झाली. त्या बिया पेरून दुसरी पिढी घेतली तर ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या. भागून पाहा, जवळजवळ तिनास एक. गेली म्हणावी ती सुरकुती जशीच्या तशी परत आली, अर्धवट नाही, पातळ होऊन नाही. म्हणजे गुण पाण्यासारखे मिसळत नाहीत. ते दाण्यासारखे अलग राहतात. जोडीत दोन वेगळे दाणे असतील तर एक दिसतो, त्याला प्रभावी म्हणायचे. दुसरा मागे राहतो, तो अप्रभावी. मागे राहिला तरी तो असतो, आणि पुढे जातो.

मेंडेलने हे १८६५ मध्ये मांडले, १८६६ मध्ये छापले. फारसे कुणी लक्ष दिले नाही. तो १८८४ मध्ये वारला, आणि १९०० मध्ये तीन शास्त्रज्ञांना आपापल्या कामात हेच आढळले तेव्हा त्याचे नाव वर आले.

इथवर पुस्तकातले झाले. वाटाण्यापाशी आमची मुले थोडी कंटाळतात. मग मी दोन डबे काढते.

पत्र्याचे दोन छोटे डबे. एकावर ‘आई’ अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर ‘बाबा’. प्रत्येकात दोन दाणे, एक तुरीचा आणि एक उडदाचा. तूर म्हणजे चांगले जनुक, उडीद म्हणजे बिघडलेले. एकाने डोळे मिटून आईच्या डब्यातला एक दाणा काढायचा, दुसऱ्याने बाबांच्या डब्यातला. दोन्ही तळहातावर ठेवले की झाले बाळ. तूर-तूर आले तर वहीत तसे लिहायचे, तूर-उडीद आले तर तसे, उडीद-उडीद आले तर तसे. मग दाणे परत डब्यात टाकायचे आणि पुढचे बाळ.

यात दाणे परत टाकायला विसरायचे नाही. मुले हमखास विसरतात. मी सांगते, थांबा, आईबापाने मुलाला दाणा दिला म्हणून त्यांच्याकडचा संपत नाही. त्यांच्याकडे दोन्ही दाणे जसेच्या तसे असतात, दर खेपेला.

आता उडीद म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्याकडे तो नुसता उडीद नाही.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात, तसाच गडचिरोलीत आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेल हा आजार आहे. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी बशीसारख्या गोल, मऊ, लवचिक असतात. बारीक नळीतूनही दुमडून निघून जातात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहते. या हिमोग्लोबिनच्या एका साखळीची माहिती ११ व्या गुणसूत्रावर आहे. साखळीत १४६ मणी. त्यातला सहावा मणी बदलला की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. ही गोष्ट व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवली. डीएनएच्या लिखाणात पाहिले तर एकाच अक्षराचा फरक. मुलांना मी फळ्यावर ‘मूल’ लिहून दाखवते आणि मग ‘मूळ’. एक अक्षर बदलले आणि शब्दच दुसरा झाला.

एवढ्याने काय होते? प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन आतल्या आत गोठल्यासारखे ताठ होते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, मागून येणाऱ्यांची वाट अडते, आणि त्या जागी असह्य दुखते. हातपाय, पाठ, छाती, कुठेही. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळे, वाढ खुंटलेली, पुन्हा पुन्हा ताप. बाळ पहिले काही महिने ठीक दिसते, कारण गर्भातले वेगळे हिमोग्लोबिन त्याला तेवढा काळ सांभाळते. सहा महिन्यांनंतर हाताची-पायाची बोटे सुजतात, बाळ हात लावू देत नाही. घरात कुणाला कळत नाही की काय झाले. नजर लागली म्हणतात, कुणी करणी केली म्हणतात, आणि शेजारच्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवले जाते. तिथून पुढे काय काय होते ते या वार्तापत्राच्या जुन्या वाचकांना सांगायला नको.

डब्याच्या भाषेत सांगायचे तर तूर-तूर असलेला निरोगी. कागदावर त्याला ‘एए’ लिहितात. तूर-उडीद असलेला वाहक, ‘एएस’. तो आजारी नसतो, शेतात काम करतो, डोंगर चढतो, त्याला आपल्याकडे उडीद आहे हे ठाऊकही नसते. उडीद-उडीद असलेला ग्रस्त, ‘एसएस’. वाहक आणि ग्रस्त यांतला फरक न कळल्यामुळे किती धडधाकट पोरींची लग्ने मोडली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे मी वर्गात तीनदा म्हणवून घेते.

दोन्ही आईबाप वाहक असतील तर प्रत्येक बाळाच्या वेळी चार शक्यता: एक तूर-तूर, दोन तूर-उडीद, एक उडीद-उडीद. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर ग्रस्त मूल होत नाही. निम्मी शक्यता वाहकाची, निम्मी निरोगी बाळाची. एक ग्रस्त आणि दुसरा निरोगी असेल तर सगळी मुले वाहक, पण ग्रस्त एकही नाही. एक ग्रस्त आणि दुसरा वाहक असेल तर मात्र दर खेपेला निम्मी शक्यता आजाराची.

आता माझी चूक.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी मी या भागात नवी होते. अहमदनगरकडून आलेली, हाताशी पदविका आणि भरपूर उत्साह. एका पाड्यावर एक जोडपे होते, दोघेही वाहक निघालेले, तीन वर्षांचा मुलगा ग्रस्त. तपासणी दूरच्या दवाखान्यात झाली होती, कागद हातात होता, समजावून कुणी दिले नव्हते. ते काम माझ्याकडे आले. मी चुलीपाशी बसून सांगितले, चारात एक. त्या बाईने विचारले, “मग ताई, आता दुसरे होऊ दिले तर?” आणि मी म्हणाले, “चारातला एक तर तुमचा होऊन गेला.” पुढचे तीन चांगले होतील असे मी तोंडाने म्हटले नाही. पण अर्थ तोच होता, आणि तिने तोच घेतला. मलाही तेव्हा तेच वाटत होते.

दुसरी मुलगी झाली. तीही ग्रस्त.

त्या घरी मी पुढचे सहा महिने गेले नाही. कामाचे निमित्त होते, खरे कारण निमित्त नव्हते. मग गेले आणि सांगितले की मी चुकीचे सांगितले होते. बाई काही बोलली नाही. तिने चहा ठेवला. नवऱ्याने एवढेच विचारले की मग बरोबर काय आहे. तेव्हा मी पहिल्यांदा दाणे घेऊन बसले, त्यांच्याच घरातली तूर, त्यांचाच उडीद, दोन वाट्या. तो दाणा काढायचा, बघायचा आणि बाजूला ठेवायचा. मी म्हटले, बाजूला नाही, परत वाटीत. तो बराच वेळ वाटीकडे बघत राहिला.

‘चारात एक’ हे शब्द फसवे आहेत. त्यांचा अर्थ रेशनच्या रांगेसारखा लावला जातो, एकाचा नंबर गेला की पुढच्यांची सुटका. तसे नाही. पहिल्या बाळाच्या वेळी चारात एक, दुसऱ्याच्या वेळी पुन्हा चारात एक, पाचव्याच्याही वेळी तेवढेच. मागच्या बाळाचे काय झाले ते डब्याला आठवत नाही. वर्गात एखाद्या जोडीला चार खेपांत उडीद-उडीद एकदाही येत नाही, एखादीला लागोपाठ येते. ज्यांना गणित आवडते त्यांनी करून पाहावे: चार मुलांत एकही ग्रस्त नसण्याची शक्यता तीन चतुर्थांश चार वेळा गुणून येते, म्हणजे २५६ पैकी ८१. जवळजवळ तिनात एक घर असे सुटते. अशी घरे मग इतरांना सांगतात की आम्हीही दोघे वाहक, आम्हाला काही झाले नाही, आणि त्यांचे ऐकले जाते.

आणखी एक प्रश्न हमखास येतो, तो बहुधा मुली विचारतात. दोष कुणाचा, आईचा की बापाचा? उत्तर डब्यातच आहे. उडीद-उडीद यायला दोन्ही डब्यांतून उडीद यावा लागतो. सुनेने घरात आजार आणला असे म्हणणाऱ्या सासूला मी एवढेच विचारते की दुसरा दाणा कुठून आला. थोडी मोठी मुले पापाचे विचारतात, विशेषतः ज्यांनी उपासनेत वाडवडिलांच्या पापाविषयी ऐकलेले असते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, याचे की याच्या आईबापाचे? येशूने दोन्हींना नाही म्हटले. मला त्यात अधिक काही जोडावेसे वाटत नाही.

मग हा उडीद आमच्याच लोकांत का, हा प्रश्न दहावीतल्या एका मुलाने रागाने विचारला होता. राग बरोबर होता, कारण ‘आदिवासींचा आजार’ हे शब्द त्याने दवाखान्याच्या रांगेत ऐकले होते. उत्तर मलेरियात आहे. अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत काम करून १९५४ मध्ये दाखवले की वाहकांना, म्हणजे एक तूर एक उडीद असलेल्यांना, मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून संरक्षण मिळते. डास आणि हिवताप जिथे पिढ्यान्‌पिढ्या होते तिथे वाहक मुले जास्त वाचली, मोठी झाली, त्यांनी तो दाणा पुढे दिला. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीस आणि सिसिलीत आहे, भारतात आदिवासींबरोबर इतर समाजांतही आहे. त्या मुलाला मी म्हटले, ज्या दाण्याने तुझ्या पणजोबांना तापातून वाचवले असेल तोच हा दाणा. तो गप्प बसला, पण त्याला ते आवडले असावे.

औषधाचे थोडक्यात. भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, रोजची फोलिक ॲसिडची गोळी, डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सियुरिया, आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. कागदावर सोपे आहे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबात, पहाटेच्या थंडीत, प्यायचे पाणी लांब असताना, ते किती सोपे राहते हे वाचकांनी पाहावे. शिवाय दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते.

तपासणी आता पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन द्रावणात टाकतात; उडीद असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागची रेष दिसेनाशी होते. पण ही सोल्युबिलिटी तपासणी वाहक आणि ग्रस्त असा फरक सांगत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. अर्ध्या तपासणीवर घाबरून बसलेली घरे मी पाहिली आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. चांगलेच आहे. मात्र कार्ड हातात देऊन त्याचा अर्थ न सांगणे म्हणजे काय हे मला चुलीपाशी कळले आहे. ते कार्ड छपराच्या वाशात खोचले जाते आणि तिथेच राहते.

माझ्या त्या जोडप्याचा मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे. त्याची बहीण बारावीला आहे, वर्षातून दोन-तीनदा तरी दवाखान्यात राहून येते, पण परीक्षा चुकवत नाही. गेल्या महिन्यात आई वसतिगृहावर आली. मुलासाठी मुलगी पाहिली आहे, घर चांगले आहे, मुलाला मुलगी आवडली आहे. देज ठरवायला बसायच्या आधी मुलीच्या घरच्यांनी तपासणीला हो म्हणावे, म्हणून मी सोबत यावे असे तिचे म्हणणे होते. आम्ही गेलो. मुलीचा बाप आधी रागावला, आमच्या पोरीत खोट काढता का म्हणाला. बाईने पिशवीतून दोन वाट्या काढल्या. तूर आणि उडीदही तिने घरूनच आणले होते. मुलगा ग्रस्त आहे, तेव्हा एका वाटीत तिने दोन्ही दाणे उडदाचे टाकले, आणि दुसरी वाटी मुलीच्या बापापुढे सरकवून म्हणाली, “यात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. तेवढेच बघायचे आहे.”

मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. मुलीने दुसऱ्या दिवशी रक्त दिले आहे. अहवाल पुढच्या सोमवारी मिळेल असे आरोग्य केंद्रातून सांगितले आहे.